सफारी स्टॉर्म, चौदा महिन्यांनंतर: पोटाखालची स्टेपनी आणि बाकीचं

जुलैत कराड-चिपळूण रस्त्यावर हेळवाकच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. पाऊस असा, की वायपर असून नसल्यासारखे. डिकी उघडली, जॅक काढला, लांब सळी काढली, रस्त्यावर गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली डोकं घातलं. माझ्या या जुन्या घेतलेल्या टाटा सफारी स्टॉर्मची स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते. सळी घालून फिरवली की ती हळूहळू खाली यायला हवी. माझी येईना. आधीच्या मालकानं तिला कधी हात लावला नसावा. गंज आणि चिखल एकत्र होऊन पार सिमेंट झालेलं. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्या एका दादांनी दोन लाथा आणि एक शिवी घालून ती पाडली. चूक माझीच. गाडी घेताना इंजिन ऐकलं, कागद बघितले, खालून चासी बघितली. स्टेपनी उतरवून बघायचं सुचलं नाही.

भिजत उभी असताना जुन्या सफारीची आठवण झाली. तिची स्टेपनी मागच्या दारावर असायची, शाळेच्या पोराच्या दप्तरासारखी. दार आडवं उघडायचं, मागे भिंत असली की अडायचं, पण पंक्चर झालं तर उभ्यानं काम व्हायचं. २०१२च्या ऑक्टोबरात स्टॉर्म आली तेव्हा मागची बाजू स्वच्छ दिसावी म्हणून दप्तर काढलं आणि चाक पोटाखाली गेलं. शोरूमसमोर ते छान दिसतं. हेळवाकला नाही.

तर माझी गाडी २०१६ची, व्हॅरिकॉर ४०० इंजिनाची, सहा गिअरची, टू-व्हील ड्राइव्ह. साडेपाच लाखांना घेतली. मी कराडला असते. महिन्यातून दोनदा पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आईकडे जाणं होतं. एरवी शेत आणि बाजार. चौदा महिन्यांत सतरा हजार किलोमीटर झाले. कंपनीनं बनवणं बंद केलेली गाडी कशाला घेतेस, असं घरात प्रत्येकानं विचारून झालं आहे.

पहिल्याच महिन्यात आमच्या मिस्त्रीकाकांनी गाडी लिफ्टवर घेतली, खालून टॉर्च फिरवला आणि म्हणाले, "ताई, ही कार नाही. ट्रकवाल्यांनी बांधलेला बंगला आहे." तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, या गाडीचं इतकं अचूक परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

कारण ती खरोखरच ट्रकवाल्यांची आहे. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही मुळात ट्रक आणि बसवाली. १९८८मध्ये त्यांनी टाटामोबाइल हा पिकअप काढला, आणि मग त्याच पायावर एकेक खोली चढवत गेले. १९९१ची तीन दारांची सिएरा, तिच्यामागोमाग इस्टेट, १९९४ची सुमो. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलंय असं अर्ध्या लोकांना वाटतं. ते टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावावरून आहे. याच वंशात १९९८ साली सफारी आली. शिडीसारखी चासी, वर ठेवलेली बॉडी, मागच्या चाकांना जोर आणि पायरीसारखं उंचावलेलं छप्पर. ते छप्पर उगीच नाही, मागच्या लोकांना डोक्यावर जागा हवी म्हणून आहे. माझ्या गाडीतही तसंच आहे, आणि मागे बसणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी वर बघतो.

पहिल्या सफारीची अडचण इंजिनाची होती. फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या घराण्यातलं दोन लिटरचं टर्बो डिझेल, नव्वदेक अश्वशक्तीचं, आणि ओढायचं ओझं दोन टनांच्या आसपास. माझ्या मामाकडे २०००ची होती. लहानपणी आम्ही तिच्यातून कुंभार्ली चढायचो तेव्हा मामा एसी बंद करायचा. आम्हाला वाटायचं घाटातली हवा खाण्यासाठी. २००५मध्ये तीन लिटरचं डायकॉर आलं, ४०७ टेम्पोच्या इंजिनाचं भाऊबंद. ओढ भरपूर, आवाजही टेम्पोचाच. सफारीला तिच्या अंगाला शोभेल असं इंजिन मिळालं ते २००७मध्ये, २.२ लिटरचं, १४० अश्वशक्तीचं. म्हणजे गाडी आल्यावर नऊ वर्षांनी. रुबाब आधी आणि बळ नंतर, अशी ही उलटी वाटचाल.

माझ्यातलं इंजिन त्याच २.२चं शेवटचं रूप. १५६ अश्वशक्ती, ४०० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढ, आणि तो १७५० ते २५०० आरपीएमच्या मध्ये मिळतो. हा आकडा वाचून समजत नाही, कुंभार्लीत समजतो. १७५०च्या खाली गाडी झोपलेली. वळणावर गिअर न पाडता निघायचा प्रयत्न केलात तर मागचा एसटीवाला हॉर्न देईपर्यंत ती विचार करत बसते. पण तिसऱ्यात काटा दोन हजारावर ठेवला की पाच माणसं, आंब्याच्या आठ पेट्या आणि एसी यांचं तिला काहीच वाटत नाही. हे जमायला मला दोन महिने लागले. तोवर नवरा शेजारी बसून पायानं नसलेला क्लच दाबायचा.

अॅव्हरेज: कराडात अकरा, महामार्गावर साडेतेरा, घाट धरून बारा. याहून जास्त सांगणाऱ्यानं एकतर उतारावर मोजलंय किंवा गाडी विकायला काढली आहे. इंजिन बीएस-४ या जुन्या प्रदूषण-नियमाचं असल्यानं डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव, भरायची भानगड मात्र नाही.

चासी आणि बॉडी वेगळी, म्हणून दोन गोष्टी होतात आणि त्या वेगळ्या करता येत नाहीत. सातारा-कागल महामार्गाच्या रुंदीकरणात जे वळसे काढलेत, तिथे बाकीच्या गाड्या नवरीसारख्या पाऊल टाकतात आणि मी जाते तशीच. खड्डा ऐकू येतो, अंगाला लागत नाही. आणि त्याच गाडीत वेगानं वळण घेतलं की वरचा मजला आधी एका बाजूला जातो, मग परत येतो. स्टॉर्मची चासी जुन्या सफारीची नाही, टाटाच्याच २०१०च्या आरिया गाडीची आहे. पुढच्या सस्पेन्शनमध्ये टॉर्शन बार (पिळाच्या सळ्या) जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, मागे डिस्क ब्रेक आले, वळायला जागा कमी लागू लागली. जुनी चालवलेल्याला फरक लगेच कळतो. हॅचबॅकवरून आलेल्याला तरीही बोटीत बसल्यासारखं वाटेल. मागच्या आमनेसामनेच्या दोन सीटांवर घाटात कुणाला बसवू नका. माझ्या भाच्यानं तिथे बसून पोट रिकामं केलेलं आहे, अधिक सांगत नाही. आता त्या सीटा दुमडलेल्या असतात आणि तिथे सामान असतं.

उंचीचं सांगायचं तर आत्याला चढायला प्लॅस्टिकचं स्टूल ठेवते. "अगं, हत्ती घेतलास की गाडी?" हे तिचं दर वेळचं. पण चढून बसल्यावर तीच खिडकीतून कोयनेचं पाणी किती वर आलंय ते सगळ्यांना सांगते, कारण कठड्याच्या वरून दिसतं.

टू-व्हील ड्राइव्ह घेणाऱ्यांसाठी एक. जोर मागच्या चाकांना असतो, आणि मागे वजन नसलं तर ओल्या जांभ्यावर ती चाकं नुसती फिरतात. आईच्या घराची चढण मी पहिल्या पावसाळ्यात तीनदा मागे येऊन चढले. आता मागे खताची दोन पोती टाकून जाते. शेतात रोज जाणार असाल तर फोर-बाय-फोरच शोधा, मिळायला वेळ लागला तरी.

मग इतकी दणकट गाडी कंपनीनं बंद का केली? मला वाटतं, ती हरली ती स्टॉर्म आली तेव्हाच. २०११मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ५०० आली होती, चासीवर नाही तर कारसारखी एकसंध बांधलेली, आतून झगमगीत. सफारीनं त्यानंतर वर्षभरानं खालची अख्खी हाडं बदलली आणि वरचा चेहरा जवळजवळ तोच ठेवला. गिऱ्हाईक गाडीखाली वाकून बघत नाही. वर जुनी सफारीही शोरूममध्ये सोबत विकत राहिले, म्हणजे नवीन काय आणि जुनं काय हे सांगायचं काम विक्रेत्यावर. पुढे नियम आले. ऑक्टोबर २०१९पासून आधीच्या मॉडेलनाही धडकेच्या चाचणीच्या नव्या अटी लागू झाल्या आणि एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम. इतक्या कमी विकणाऱ्या गाडीवर तो खर्च कोण करणार? २०१९मध्ये ती यादीतून गेली. गंमत म्हणजे दोनच वर्षं आधी, २०१७मध्ये, लष्करानं मारुती जिप्सीच्या जागी ३,१९२ स्टॉर्म मागवल्या होत्या. बाजाराला जे नको होतं, नेमकं तेच तिकडे हवं होतं.

२०२१मध्ये सफारी हे नाव परत आलं, पण ते हॅरियरच्या पायावर: एकसंध बॉडी, जोर पुढच्या चाकांना. मी चालवून पाहिली. शांत आहे, स्थिर आहे, आत्याला स्टूल लागणार नाही. माझ्यापेक्षा सगळ्याच बाबतीत चांगली कार आहे. मला कार नको होती एवढंच.

खर्च: दोन सर्व्हिसिंग, पुढच्या सस्पेन्शनचे बुश, चार टायर, आणि उंदरांनी कुरतडलेली एक वायर. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट कराडातच मिळाली. बॉडीचे भाग, दिवे, आतलं प्लॅस्टिक यांना मात्र वाट बघावी लागते. मागच्या दिव्याची काच सहा आठवड्यांनी आली. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा काचा, दिवे, दारांची रबरं शाबूत आहेत का ते इंजिनाइतकंच निरखून बघा. एअरबॅग असलेलं वरचंच व्हेरिएंट घ्या. चासीवर गंज कुठे आहे ते जागेवर हात फिरवून पाहा, कोकणातली गाडी असेल तर दोनदा.

आणि मालकाला सांगा, स्टेपनी उतरवून दाखवा. तो चहा आणायला आत गेला तर गाडी बघून झाली असं समजा. माझी आता दर तीन महिन्यांनी उतरते, ग्रीस लावून परत चढते. दिवाळीआधीच्या खेपेला मिस्त्रीकाकांनी विचारलं, "ताई, कॅरिअरवर टाकू का ही वर, कायमची?" वर टाकली तर उंची वाढून आमच्या पार्किंगच्या पत्र्याला लागते. मोजून बघितलं, चार बोटांनी.