फुकट चिप्सचं पोकर: काही महिने खेळून झाल्यावर

गेले काही महिने एका सोशल पोकर अ‍ॅपवर, म्हणजे खऱ्या पैशांऐवजी खोट्या चिप्सवर चालणाऱ्या पोकरवर, खेळतोय. नाव देत नाही, कारण माझं म्हणणं एका अ‍ॅपपुरतं नाही.

आधी चांगलं सांगतो. टेबल लगेच मिळतं आणि नवख्याला नियम शिकायला जागा उत्तम. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीची सक्तीची पैज) कोणी द्यायचा, फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) मोठा की स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते), कुणाच्या चिप्स संपल्या तर बाकीच्यांचा वेगळा साइड पॉट कसा पडतो, हे सगळं खेळता खेळता अंगवळणी पडतं.

पण पोकर म्हणावं असं तिथे फारसं घडत नाही. एक डाव बघा. माझ्या हातात दोन एक्के, मी नेहमीसारखा रेझ केला, म्हणजे पैज वाढवली. लागोपाठ चौघांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या. पत्ते उघडले तर एकाकडे राजा-सत्ती, दुसऱ्याकडे पंजी-तिर्री, असले फुसके पत्ते! समोर एकच जण असेल आणि त्याच्याकडे कुठलेही पत्ते असतील, तर एक्क्यांची जोडी शंभरात साधारण 85 वेळा जिंकते. तसेच चौघे बसले की आकडा 56 च्या आसपास येतो. तो डाव मी हरलो, ते चालायचंच. खरा वांधा ब्लफचा, म्हणजे हातात काही नसताना मोठी पैज लावून समोरच्याला घाबरवण्याचा आहे. ज्याला गमवायला काही नाही, तो घाबरून पत्ते टाकेल कशाला?

आणि चिप्स संपल्या रे संपल्या की पडद्यावर ऑफर येते: काट मारलेली जुनी किंमत, शेजारी उलटं धावणारं घड्याळ. खऱ्या पैशांची पोकर रूम पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, रेक (आपलं कमिशन) कापून कमावते, त्यामुळे खेळाडू टेबलावर टिकणं तिच्या सोयीचं असतं. इथे कमाई चिप्सच्या विक्रीवर, म्हणजे तुमचा गल्ला रिकामा होणंच सोयीचं. या चिप्स परत पैशांत बदलून मिळत नाहीत, हे विकत घेण्याआधी पक्कं लक्षात ठेवा.

फेसबुकवरचे गेम बनवणाऱ्या झिंगा कंपनीचं खऱ्या पैशांच्या पोकरकडे जाताना घोडं अडलं ते इथेच, असं मला वाटतं. 2007 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं पोकर फेसबुकवर तुफान चाललं. 15 एप्रिल 2011 ला अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या खऱ्या पैशांच्या ऑनलाइन पोकर साइट्सवर कारवाई केली, तेव्हा त्यांची जागा आता झिंगा घेणार असं अनेकांना वाटलं होतं. डिसेंबर 2012 मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात जुगाराच्या परवान्याच्या दिशेने पहिला अर्जही केला. एप्रिल 2013 मध्ये बीविन.पार्टी या ऑनलाइन जुगार कंपनीला सोबत घेऊन ब्रिटनमध्ये खऱ्या पैशांचं पोकर सुरू केलं. आणि त्याच जुलैत अमेरिकेतल्या परवान्याचा नाद सोडून दिला. शेअर घसरला. गर्दी अफाट होती, पण पंजी-तिर्रीवर ऑल-इन जाणारा, म्हणजे सगळ्या चिप्स लावणारा माणूस खिशातले डॉलर लावायला येईलच असं थोडंच आहे?

बरं, खोट्या चिप्स म्हणजे कायद्याच्या कटकटीतून सुटका, असंही नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने बिग फिश कॅसिनो या अ‍ॅपच्या आभासी चिप्स वॉशिंग्टन राज्याच्या जुगारविषयक कायद्यानुसार ‘मूल्य असलेली वस्तू’ ठरवल्या. म्हणजे या कंपन्या धड पोकर रूमही नाहीत आणि निव्वळ खेळाच्या कंपन्याही नाहीत.

तरी अ‍ॅप काढून टाकलेलं नाही, त्याला कारण सिट अँड गो, म्हणजे ठरलेले खेळाडू बसले की लगेच सुरू होणारी छोटी स्पर्धा. तिथे बाद झालात की बाहेर, चिप्स घेऊन परत बसता येत नाही. एवढ्या एका नियमाने लोक सावध खेळतात, विचार करून फोल्ड करतात (पत्ते टाकून डाव सोडतात) आणि ब्लफ चक्क चालतो. शिकायचं असेल तर कॅश टेबलांच्या (जिथे चिप्स संपल्या तरी पुन्हा घेऊन बसता येतं) वाटेला न जाता थेट तिकडे जा, आणि फोनवरची खरेदी आधी बंद करा.