थर्मल बोर्डवर गिलावा: सिमेंट की जिप्सम?

सांगलीत पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये रात्री दहालाही तापलेली असते. म्हणून घराच्या डागडुजीत आतून 50 मिमीचे एक्सपीएस (उष्णता अडवणारा, फोमसारखा घट्ट पॉलिस्टायरीन) बोर्ड लावले. आता वरून गिलावा कसला?

गवंडी म्हणाला, "नेहमीचा सिमेंट-वाळूचा मारू की!" तिथंच गोची आहे. बोर्ड पाणी पीत नाही, त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग माल धरत नाही, आणि 12 मिमीचा जड थर सांध्यांवर तडकतो. सिमेंटच हवं असेल तर बोर्ड आधी खरवडायचा, पॉलिमर मिसळलेला तयार माल पातळ ओढायचा, तो ओला असतानाच फायबरग्लासची जाळी दाबायची, सांध्यांवर जाळी 10 सेंमी एकमेकींवर चढवायची आणि मग वरचा हात. एवढं सगळं मिळून 5-6 मिमी. जाळीत काटकसर केलीत तर भेगा ठरलेल्या.

जिप्सम वजनाला जवळपास निम्मा, अर्ध्या तासात धरतो, पाणी मारत बसावं लागत नाही, पुट्टीही वाचते. बोर्डवर मात्र त्यालाही आधी बाँडिंग कोट (माल धरून ठेवणारा चिकट थर) आणि जाळी लागतेच; हे ठेकेदार सोयीस्कर विसरतात.

पण ओल त्याला सोसत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. पूरपट्ट्यातल्या तळमजल्यावर जिप्सम म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. न्हाणीघरालाही नको.

आम्ही खाली पॉलिमर-सिमेंट केलं, माडीवरच्या खोलीत जिप्सम. फ्रेम टांगायच्या जागा मात्र आधीच ठरवा; लांब फिशर (स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी) बोर्डातून आरपार विटेपर्यंत पोचायला हवा.