लिफ्ट केलेल्या ट्रकचे पुढचे कंट्रोल आर्म: मूळचे ठेवावेत, बदलावेत की वेल्डिंग करून घ्यावेत?

लिफ्ट किट बसले, ट्रक ५०–७५ मि.मी. वर आला, आणि आता हायवेला स्टिअरिंग हलके लागते, गाडी सरळ रेषेत राहत नाही. खड्ड्यात चाक खाली सुटले की समोरून ‘ठक्क’ असा आवाज येतो. अशा वेळी जो तो एकच सल्ला देतो: अप्पर आर्म (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या दोन कंट्रोल आर्मपैकी वरचा) बदला. बऱ्याचदा तो बरोबर ठरतो, पण नवा आर्म कोणता त्रास काढतो आणि कोणत्या त्रासाला हातही लावत नाही हे आधी कळले, तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

डबल विशबोन सस्पेन्शनमध्ये वजन लोअर आर्म पेलतो. अप्पर आर्म फक्त नकलचे (चाकाचा हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) वरचे टोक जागेवर धरतो. लिफ्टमुळे दोन्ही आर्मची बाहेरची टोके खाली झुकतात. त्यामुळे वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि नकल यांना जोडणारा गोल सांधा) त्याच्या फिरण्याच्या मर्यादेजवळ जातो. चाक पूर्ण लोंबले की आर्म स्प्रिंगला टेकू लागतो. आणि कॅस्टर घटतो. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहताना वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा जितका मागे कललेला दिसतो तो कोन. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते त्याच्या जोरावर. या तिन्हींवर अप्पर आर्म हा उपाय आहे. सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या एक्सलमधला वाकता सांधा) वाढलेला कोन, टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) उतार, खालच्या बॉल जॉइंटवरचा ताण यांवर तो उपाय नाही. सीव्हीचे बूट (सांध्यावरचे रबरी आवरण) फाटत असतील तर कितीही महागडा अप्पर आर्म घातला तरी ते फाटतच राहणार.

आधी मोजा

खरेदीआधी अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून जुळवणे) करून छापील आकडे घ्या. बहुतेक पिकअपना अधिक २ ते ४ अंश कॅस्टर लागतो. मोठे टायर असतील तर वरच्या बाजूचा आकडा बरा. कॅम बोल्ट (लोअर आर्म थोडा सरकवून कोन बदलणारे बोल्ट) टोकापर्यंत फिरवूनही कॅस्टर १ अंशाच्या आसपासच अडकत असेल, तर मूळ आर्मने काम भागत नाही हे उघड आहे. मग चॅसिसखाली स्टँड लावून चाक पूर्ण लोंबू द्या आणि आर्म व स्प्रिंग यांमधली फट पाहा. स्प्रिंगच्या एखाद्या वेढ्यावरचा रंग घासून धातू चमकत असेल, तर त्या ‘ठक्क’चा उगम सापडला.

लिफ्ट कशाने केली यावरही बरेच ठरते. शॉकच्या वरच्या माउंटवर बसणारा स्पेसर संपूर्ण युनिट खाली ढकलतो. त्यामुळे उभी उंची वाढतेच, शिवाय चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबते आणि बॉल जॉइंट, सीव्ही दोन्ही ताणले जातात. (माउंट चाकापेक्षा आत असल्यामुळे २५ मि.मी.चा स्पेसर चाकाशी साधारण दुप्पट उंची देतो, ५० मि.मी. लिफ्टसाठी ५० मि.मी.चा स्पेसर मागवू नका.) स्प्रिंगवर दाब वाढवणारा स्पेसर किंवा जाड तारेची स्प्रिंग लोंबण्याची मर्यादा बदलत नाही. म्हणजे समान उंचीच्या दोन ट्रकपैकी एकाला नवा आर्म लागेल आणि दुसऱ्याला लागणार नाही, असे सहज होते.

मूळ आर्मच ठेवणे

लिफ्ट ४०–५० मि.मी.पर्यंत, कॅस्टर हद्दीत, स्प्रिंगला स्पर्श नाही: मग बदलू नका. मूळ आर्म कारखान्यात तपासलेला असतो, रबर बुश (आर्मच्या आतल्या टोकाच्या सांध्यातले रबर) शांत असतात, सुटे भाग कुठेही मिळतात. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. कॅम बोल्टने कॅस्टर वाढवताना खालचा बॉल जॉइंट पुढे सरकतो आणि चाकही पुढे येते. मोठा टायर मग बंपरच्या अस्तराला घासतो. नवा अप्पर आर्म वरचा जॉइंट मागे घेऊन तोच कॅस्टर देतो, त्यामुळे चाक पुढे येत नाही. मोठ्या टायरवाल्यांनी आर्म घेण्याचे खरे कारण हेच, उंची नव्हे.

टॉर्शन बारच्या (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा असलेल्या) जुन्या पिकअपमध्ये बॉल जॉइंट आर्मला बोल्टने जोडलेला असेल, तर त्या दोघांमध्ये ठोकळा घालण्याची स्वस्त पद्धत आहे. चाक लोंबताना अप्पर आर्म त्याच्या स्टॉपवर आदळणे त्याने कमी होते. पण कॅस्टर परत येत नाही आणि सीव्हीचा कोन वाढतो. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

नवा अप्पर आर्म: बॉल जॉइंटचा की युनिबॉलचा?

खरी निवड इथे आहे.

बॉल जॉइंटच्या आर्ममध्ये जॉइंटची बैठक आधीच लिफ्टनुसार तिरकी केलेली असते, आणि रचनेतच साधारण २ ते ४ अंश जास्तीचा कॅस्टर असतो. जॉइंट रबरी बुटात बंद असतो, त्यामुळे धूळ-पाण्यात टिकतो. ग्रीस निपल असेल तर प्रत्येक सर्व्हिसला ग्रीस भरा, पण बूट जरासा फुगेपर्यंतच. जोराने मारलेले ग्रीस बूट फाडते. घेताना एकच प्रश्न नक्की विचारा: जॉइंट झिजला तर तो वेगळा मिळतो का? काही आर्मना प्रचलित गाडीचाच बॉल जॉइंट बसतो, आणि ही फार मोठी सोय आहे. ज्याला फक्त त्याच निर्मात्याचा जॉइंट चालतो, तो आर्म प्रवासात बंद पडला की गाडीही उभी राहते.

युनिबॉल म्हणजे टेफ्लॉनच्या अस्तरात फिरणारा स्टेनलेसचा गोळा, आर्मच्या कपात स्नॅप रिंगने अडकवलेला. त्याला बॉल जॉइंटपेक्षा बराच जास्त कोन मिळतो आणि मार सहन करण्याची ताकद मोठी असते. लांब स्ट्रोकचे शॉक असतील, चाके वारंवार पूर्ण लोंबत असतील, तर त्याला पर्याय नाही. पण तो उघडा असतो. चिखल, वाळू, मीठ टाकलेले रस्ते अस्तर खातात; खेळ तयार होतो, मग लहान दगडावरही खटखट ऐकू येते. अस्तर असलेल्या युनिबॉलला ग्रीस लावू नका, ग्रीसला चिकटलेली वाळू पॉलिश पेपरचे काम करते. स्वच्छ पाण्याने धुऊन, सुकवून, कोरड्या ल्युब्रिकंटचा हलका फवारा पुरेसा. बेअरिंग झिजले तर प्रेसवर नवे बसते, आर्म टाकावा लागत नाही.

युनिबॉलच्या किटमध्ये नकलच्या निमुळत्या छिद्रात बसणारी पिन असते. छिद्र गंज-ग्रीस पुसून कोरडे केले नाही किंवा टॉर्क कमी पडला, तर पिन सूक्ष्म हलत राहते आणि छिद्र अंडाकृती करते. नुकसान आर्मचे नाही, नकलचे होते, आणि नकल हा महागडा भाग आहे.

रोजच्या वापराचा, ५०–७५ मि.मी. लिफ्टचा ट्रक असेल तर बंद बॉल जॉइंटचा आर्मच घ्यावा. युनिबॉल दिसायला दणकट वाटतो म्हणून घेणारे पुष्कळ, आणि वर्षभरात आवाजाला कंटाळणारेही.

आतल्या टोकाच्या बुशबद्दल थोडक्यात. रबर शांत असते आणि त्याला देखभाल नको. पॉलियुरेथेन घट्ट असते, दिशा नेमकी ठेवते, पण सिलिकॉनवर आधारित ग्रीस वेळेवर मिळाले नाही तर दार करकरावे तसे वाजते. धातूचे गोलाकार जॉइंट रस्त्याचा प्रत्येक हादरा केबिनपर्यंत आणतात. ते स्पर्धेच्या गाडीला शोभतात.

मूळ आर्म कापून-वेल्डिंग करून

आर्म लांब करणे, कप कापून कोन बदलणे, पट्ट्या जोडणे अशी कामे सर्रास चालतात. धातू ओळखल्याशिवाय यात पडू नका. पत्र्याचा दाबून केलेला आर्म असेल तर लोअर आर्मच्या उघड्या बाजूला पट्टी जोडून त्याची पेटी करणे हे काम चांगला वेल्डर नीट करू शकतो, आणि दगडी वाटेवर त्याचा फायदाही होतो. बुश आणि बॉल जॉइंट आधी काढलेच पाहिजेत, नाहीतर उष्णतेने रबर आणि बूट जळतात. टाके थोडे-थोडे, बाजू बदलत घाला. सलग वेल्ड केले की आर्म वाकतो आणि बोल्टची छिद्रे एका रेषेत येत नाहीत.

आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर विषय तिथेच संपवा. हीट ट्रीटमेंट केलेले ॲल्युमिनियम वेल्डच्या शेजारी आपल्या ताकदीचा मोठा भाग गमावते, आणि बाहेरून काही दिसत नाही. ओतीव लोखंडात वेल्डच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो. अप्पर आर्म तुटला तर चाक बाहेर कलंडते आणि ब्रेक-स्टिअरिंग दोन्ही एकदम जाऊ शकतात. तयार आर्म मिळत असताना घरगुती अप्पर आर्मचे समर्थन होत नाही.

१०० मि.मी.च्या पुढे

इथे एकट्या आर्मचा प्रश्न उरत नाही. १००–१५० मि.मी. लिफ्टसाठी ड्रॉप ब्रॅकेट किट असते: लोअर आर्मची बैठक आणि डिफरन्शियल दोन्ही खाली येतात, बहुधा उंच नकलही मिळते. आर्मचे आणि सीव्हीचे कोन मूळच्या जवळ राहतात. त्याबदल्यात मूळ क्रॉसमेंबर (चॅसिसची आडवी पट्टी) कापावा लागू शकतो आणि तो परत जोडणे सोपे नसते. शिवाय पोटाखालची जागा फारशी वाढत नाही, कारण ब्रॅकेट स्वतःच खाली लोंबतात. लांब आर्मचे लाँग ट्रॅव्हल किट हा निराळाच खेळ. त्याला लांब एक्सल, लांब टाय रॉड आणि रुंद फेंडर लागतात.

रँग्लरसारखा अखंड पुढचा एक्सल असेल तर वरचा बहुतेक मजकूर गैरलागू. तिथे लिफ्टमुळे लोअर आर्म उभट होतात, एक्सल मागे ओढला जातो, कॅस्टर घटतो. लांबी बदलता येणारे लोअर आर्म एक्सल पुढे आणून कॅस्टर परत देतात. आर्मची चॅसिसकडची बैठक खाली आणणारे ब्रॅकेट आर्म सपाट करतात आणि राइड मऊ करतात, पण दगडाला तेच आधी लागतात. कॅस्टर फार वाढवला की डिफरन्शियलचे नाक खाली झुकते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टला कंप येतो. तेव्हा स्टिअरिंग आणि कंप यांत मधला आकडा शोधावा लागतो.

बसवताना चुकते ते

स्प्रिंग कशी बसली आहे ते आधी पाहा. स्प्रिंग शॉकवरच जखडलेली असेल तर ती न दाबता अप्पर आर्म निघतो. स्प्रिंग लोअर आर्म आणि चॅसिसमध्ये मोकळी बसली असेल, तर तिला रोखून धरणारा बॉल जॉइंटच असतो. लोअर आर्मखाली भक्कम जॅक नसताना तो सोडला तर स्प्रिंग जीव घेऊ शकते. टॉर्शन बारच्या गाडीत आधी बारचा ताण काढा.

बॉल जॉइंटचा नट पूर्ण न काढता काही आटे शिल्लक ठेवा आणि नकलच्या डोळ्यावर (जॉइंटची पिन बसते त्या छिद्राभोवतीचा भाग) बाजूने हातोडा मारा; जॉइंट सुटला तरी नकल उडत नाही. तो सुटला की नकल दोरीने वर बांधा, नाहीतर ब्रेकची नळी आणि सीव्ही त्याच्या वजनाने ताणले जातात. काही पिकअपमध्ये आतला लांब बोल्ट निघताना बॉडीच्या पत्र्याला अडतो. तिथे पत्र्याची कड थोडी वाकवावी लागते, वाकवल्यावर उघड्या पत्र्याला रंग द्या.

सर्वात जास्त होणारी चूक: रबर बुशचे बोल्ट चाक लोंबत असतानाच पूर्ण आवळणे. रबर त्या स्थितीत जखडते, ट्रक जमिनीवर आला की कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट हाताने बसवा, ट्रक चाकांवर उभा करा, एक-दोनदा पुढचा भाग दाबून सोडा, मग टॉर्क रेंचने आवळा. आकडा किटच्या कागदावरचा घ्या, अंदाजाचा नको. मोकळ्या फिरणाऱ्या पॉलियुरेथेनला हे बंधन नाही. स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवा, कधीही सैल करून नाही.

मूळ रिमवर जाड कपाचा युनिबॉल आर्म टायरच्या आतल्या भिंतीला घासू शकतो, म्हणून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहा. बोट सहज जाईल एवढी फट हवी. शेवटी अलाइनमेंट: दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक राहू देऊ नका, गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. त्याच वेळी चाक लोंबवून आणि स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून ब्रेकची नळी व एबीएसची तार कुठे ताणली जाते का ते पाहा. नव्या आर्मवर बऱ्याचदा त्यांची क्लिप बसवायला जागा नसते आणि तार मोकळीच लोंबत राहते.