मंत्रा एमएफएस ११० एल-१ थंब मशीन: अंगठा लागत नाही तेव्हा आधी कुठे पाहायचं

आपले सरकार सेवा केंद्र, सीएससी, बँक मित्र किंवा आधारवर पैसे काढून देणारं दुकान, कुठेही गेलात तरी टेबलावर मंत्राची थंब मशीन हमखास दिसते. एमएफएस १०० हे तिचं जुनं मॉडेल एल-० वर्गातलं. आधारचा कारभार पाहणाऱ्या यूआयडीएआयने एल-० बाद करून एल-१ चा आग्रह धरला आणि त्याच्या जागी एमएफएस ११० आलं. किंमत साधारण दोन ते तीन हजारांच्या घरात.

निकाल आधीच सांगतो. मशीन घेण्यासारखी आहे. ठसा स्वच्छ घेते, वेगही पुरेसा आहे. पण तिच्यासोबत संगणकावर जे सॉफ्टवेअर बसवावं लागतं ते नाजूक आहे, आणि ते बिघडलं की दोष गिऱ्हाईकाच्या बोटाला दिला जातो. सत्तर वर्षांच्या आजी पाच वेळा अंगठा पुसतात, सहाव्यांदा हात धुऊन येतात आणि शेवटी 'उद्या या' ऐकून घरी जातात. संगणकाला मात्र तोवर मशीनच सापडलेली नसते. हे थांबायला हवं, म्हणून हा आढावा थोडा सविस्तर.

एल-० आणि एल-१ मध्ये फरक आहे तो ठसा कुठे कुलूपबंद होतो याचा. एल-० मध्ये ठशाची प्रतिमा संगणकापर्यंत यायची आणि तिथलं सॉफ्टवेअर ती एन्क्रिप्ट करायचं, म्हणजे मधल्या मध्ये कुणी हात मारायला वाव होता. एल-१ मध्ये हे काम मशीनच्या आतल्या सुरक्षित भागात होतं. संगणकाला फक्त बंद पाकीट मिळतं. शिवाय आता रेषा जिथे संपतात किंवा फुटतात त्या बिंदूंसोबत ठशाची प्रतिमाही तपासली जाते, त्यामुळे सिलिकॉनचं खोटं बोट पकडता येतं. दस्तांवरचे ठसे उचलून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार झाले आहेत, तेव्हा ही कडक तपासणी गरजेचीच आहे. तिचा परिणाम म्हणून अर्धवट किंवा पुसट ठसा आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा परत येतो. ते मशीन खराब झाल्याचं लक्षण नाही.

आता बिघाडाकडे. व्यवहार अडला की पहिलं काम एकच: पडद्यावरचा आकडा वाचा. काही पोर्टलं तो लांबलचक संदेशात लपवतात, पण असतो. सातशेच्या घरातला आकडा आला तर अडचण तुमच्या टेबलावर आहे. ७०० म्हणजे ठरलेल्या वेळात बोट आलंच नाही, ७१० म्हणजे दुसरा प्रोग्राम मशीन धरून बसलाय, ७२० म्हणजे मशीन तयार नाही, ७३० म्हणजे ठसा घेता आला नाही. ३००, ३३०, ५६१, ५६२, ८११ असे आकडे थेट यूआयडीएआयकडून येतात. याचा अर्थ मशीनने आपलं काम करून ठसा पाठवला होता. ७२० आल्यावर गिऱ्हाईकाचं बोट पुसण्यात काही अर्थ नाही, आणि ३०० आल्यावर ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला मशीन ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकण्यात काही अर्थ नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते ७२० आणि त्याचं भावंड, म्हणजे 'डिव्हाइस सापडलं नाही' असा संदेश. याचं कारण कळायला आतली रचना थोडी माहीत हवी. पोर्टल थेट मशीनशी बोलत नाही. संगणकावर आरडी सर्व्हिस नावाचा एक प्रोग्राम मागे चालू असतो आणि तो १११०० ते १११२० यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या एका क्रमांकाच्या दारावर, कान लावून बसतो. पोर्टल १११०० पासून एकेक दार ठोठावत जातं आणि जिथून उत्तर येईल तिथे थांबतं. आता समजा, त्याच संगणकावर पूर्वी मॉर्फो किंवा स्टारटेक या दुसऱ्या कंपन्यांचं थंब मशीन वापरलं होतं आणि त्यांची आरडी सर्व्हिस काढलेलीच नाही. पहिल्या दारावर जुनी सर्व्हिस उत्तर देते, तिची मशीन तर जोडलेली नसते, म्हणून ती 'नॉट रेडी' सांगते आणि बरीच पोर्टलं पुढे जातच नाहीत. एमएफएस १०० ची जुनी सर्व्हिस राहून गेली तरी हाच घोळ होतो. उपाय सोपा आहे: कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन न वापरातल्या सगळ्या आरडी सर्व्हिसेस आणि त्यांचे ड्रायव्हर काढा, संगणक बंद करून चालू करा. दोन कंपन्यांच्या मशीन आलटून पालटून वापरायच्याच असतील तर विंडोजच्या सर्व्हिसेस यादीत जाऊन नको असलेली तेवढ्यापुरती थांबवून ठेवा.

नव्याने बसवताना क्रम पाळा. मशीन काढून ठेवा, आधी ड्रायव्हर, मग एमएफएस ११० चीच आरडी सर्व्हिस, दोन्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, संगणक पुन्हा सुरू करा, आणि त्यानंतर केबल लावा. फाइल्स कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ओळखीच्याने पेन ड्राइव्हवर दिलेली सर्व्हिस बऱ्याचदा जुनी असते, आणि जुनी आवृत्ती पुढे नाकारली जाऊ शकते. पहिल्यांदा जोडल्यावर इंटरनेट चालू हवं, कारण मशीनची नोंदणी आणि तिची डिजिटल किल्ली सर्व्हरवरून तपासली जाते. पुढेही अधूनमधून ही किल्ली ताजी होते, म्हणून बरेच दिवस पडून असलेली मशीन लावल्या लावल्या गिऱ्हाईक घेऊ नका. पाच मिनिटं नेटवर राहू द्या.

अलीकडे या यादीत क्रोमची भर पडली आहे. नव्या क्रोममध्ये एखादी वेबसाइट तुमच्याच संगणकावरच्या सर्व्हिसशी बोलू पाहते तेव्हा लोकल नेटवर्कची परवानगी विचारणारी एक चौकट येते. घाईत कुणी 'ब्लॉक' दाबलं की त्या पोर्टलसाठी मशीन गायबच होते, मात्र दुसऱ्या पोर्टलवर तीच मशीन व्यवस्थित चालते. हे लक्षण दिसलं की ड्रायव्हरला हात लावू नका. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, साइट सेटिंग्ज उघडा, लोकल नेटवर्कला 'अलाऊ' करा, पान पुन्हा लोड करा. अँटिव्हायरसही कधी कधी हीच वाट अडवतो. त्याला पूर्ण बंद न करता आरडी सर्व्हिसला तेवढी सूट द्या.

सकाळी चालणारी मशीन दुपारी जेवून आल्यावर मरत असेल, तर विंडोजने वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीज उघडा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये संगणकाला पोर्ट बंद करू देणाऱ्या ओळीवरची खूण काढा. एकापेक्षा जास्त रूट हब दिसतील, सगळ्यांची काढा. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. डेस्कटॉप असेल तर मशीन मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आणि स्वस्त यूएसबी हब पुरेशी वीज देतीलच असं नाही. प्रिंटर, वेबकॅम आणि थंब मशीन एकाच हबवर असतील तर प्रिंट निघताना मशीन तुटून पुन्हा जोडली जाते आणि चालू व्यवहार पडतो.

आता ५६१ आणि ५६२. हे दोन आकडे वेळेचे आहेत: ठसा घेतल्याची वेळ एकतर फार जुनी आहे, नाहीतर चक्क भविष्यातली आहे. संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि भारनियमन असलेल्या गावात हे रोजचंच होऊन बसतं. तारीख हाताने दुरुस्त करणं हा तात्पुरता इलाज. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. संगणकाची वायर काढून तो बदला, मग सेटिंग्जमध्ये टाइम झोन भारताचा, म्हणजे यूटीसी अधिक ५:३०, आहे ना ते पाहून 'सिंक नाऊ' दाबा. एवढ्याशा सेलपायी मशीन बदलायला निघू नका.

३०० म्हणजे ठसा आधारच्या नोंदीशी जुळला नाही. इथे खरोखर बोटाचं काम आहे. ही मशीन ऑप्टिकल आहे, म्हणजे काचेखालच्या प्रकाशात रेषांचा फोटो घेते. ऊसतोडणी, विटा, सिमेंट, धुणीभांडी, मिठाचं काम करणाऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात. थंडीत त्वचा कोरडी पडते आणि रेषा तुटक उमटतात. पावसाळ्यात ओल्या बोटाने सगळा ठसा काळा डाग होतो. कोरड्या बोटाला कोमट पाण्याने धुऊन, कोरडं करून, थेंबभर क्रीम चोळून पुसून घ्या. तेल नको, ते काचेवर राहतं. ओलं बोट सुती कापडाने पुसा आणि अर्धा मिनिट थांबा. खूप लोक बोटाचं टोक टेकवतात; नखाकडचं टोक नव्हे, तर मधला भोवरा काचेच्या मध्यावर यायला हवा. त्यासाठी बोट आडवं, सपाट ठेवायचं. या मशीनची काच लहान आहे, त्यामुळे अंगठा थोडा जरी सरकला तरी भोवरा बाहेर जातो. दाब हलका हवा: जोरात दाबल्यावर रेषा एकमेकींना चिकटतात, आणि चालकाने वरून गिऱ्हाईकाचं बोट दाबलं तर आणखीच.

अंगठाच हवा असा कुठलाही नियम नाही. दहाही बोटांची नोंद असते आणि जुळणी सगळ्यांशी होते. शेतकरी आणि मजुरांच्या बाबतीत अंगठा व तर्जनी जास्त झिजलेली असतात, म्हणून मधलं बोट किंवा अनामिका आधी घेऊन पाहा. एकच बोट दहा वेळा लावण्यापेक्षा पाच बोटं एकेकदा लावलेली बरी. काचेवर आधीच्या गिऱ्हाईकाच्या ठशाची तेलकट छाया राहते, तीही दर थोड्या वेळाने कोरड्या मऊ कापडाने पुसा. सॅनिटायझर थेट काचेवर ओतू नका. मशीनवर दारातलं ऊन पडत असेल तर जागा बदला. उघड्या उन्हात ऑप्टिकल सेन्सर गोंधळतो.

३३० आला तर बोट धरून बसू नका. गिऱ्हाईकाने किंवा घरातल्या कुणी त्यांचं बायोमेट्रिक, म्हणजे आधारमधली ठसे-डोळ्यांची नोंद, लॉक केलेलं आहे. आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा मायआधार पोर्टलवरून ते तात्पुरतं उघडता येतं, नाहीतर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर विचारा. ८११ म्हणजे त्यांच्या नोंदीत बायोमेट्रिकच सापडत नाही. त्यांना आधार केंद्रावरच पाठवा. पंधरा वर्षांनंतरचा सक्तीचा बदल न केलेल्या तरुणांनाही ३०० वारंवार येतो, कारण नोंदीत त्यांचे लहानपणचे ठसे असतात. बायोमेट्रिक बदलाचं शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून १२५ रुपये आहे; ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात तो मोफत होतो. बदल मंजूर झाल्याचं कळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका.

पैसे काढताना एक काळजी जास्त घ्या. ठसा जुळला, पण उत्तर येण्याआधी नेट गेलं, तर खात्यातून रक्कम वजा झालेली असू शकते. लगेच दुसऱ्यांदा बोट घेऊ नका. आधी मिनी स्टेटमेंट काढा. वजा झालेली, पण हातात न मिळालेली रक्कम पाच दिवसांत परत जमा झाली पाहिजे, आणि त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई देय होते, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. गिऱ्हाईकाला व्यवहार क्रमांक लिहून द्या.

हे सगळं करूनही बोट लागत नाही, अशी माणसं असतातच. त्यांच्यासाठी ओटीपी, डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा हे मार्ग आहेत. निवृत्तिवेतनधारकांचं जीवन प्रमाणपत्र चेहऱ्यावरून मोबाइलवर निघतं. रेशनबाबत तर यूआयडीएआयने २०१७ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं आहे की ठसा जुळत नाही म्हणून लाभार्थ्याला परत पाठवायचं नाही.

घेताना बिलावर मॉडेल एमएफएस ११० एल-१ असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं 'मंत्रा' नको. आरडी सर्व्हिसची मुदत किती वर्षांची मिळतेय ते विचारा, कारण ती संपल्यावर नूतनीकरणाचे पैसे वेगळे पडतात आणि मुदत संपलेल्या मशीनवर व्यवहार होत नाही. जुनी, वापरलेली मशीन निम्म्या किमतीत मिळाली तरी तिच्या मागच्या सिरीयल नंबरवरून मुदत तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि बसवण्याआधीच त्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा: स्टिकर हाताळून पुसट होतो, आणि तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न त्याच नंबरचा असतो.