जुन्या कॅसेटचे डिजिटल रूपांतर : बर्डीतील एका सेवेचा अनुभव

नागपूरच्या सीताबर्डीतील एका गल्लीत जुन्या कॅसेटवरील आवाज संगणकावर उतरवून देणारे छोटे दुकान आहे. माझ्या काकांची एक कॅसेट मी तेथे दिली होती. काका कोळसा खाणीत अभियंता होते आणि १९८१ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी पोलंडमधील कातोवित्से येथे राहिले होते. परतताना तिथल्या एका सहकाऱ्याने घरी प्रत काढून ही कॅसेट त्यांना दिली. तिच्यावर यान प्येत्शाक या पोलिश विडंबनकार-गीतकाराचा कार्यक्रम आहे.

प्येत्शाक यांनी १९६७ मध्ये वॉर्सात ‘एगिदा’ या नावाने ओळखले जाणारे कॅबरे सुरू केले. आपल्याकडे कॅबरे म्हटले की हिंदी चित्रपटातले नृत्य आठवते. पोलंडमधले कॅबरे मात्र आपल्या तमाशातील बतावणीला अधिक जवळचे असते, कारण त्यात निवेदन, नकला आणि गाणी यांच्या आधारे सत्ताधाऱ्यांचा समाचार घेतला जातो. कम्युनिस्ट राजवटीत संहिता सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. त्यामुळे निम्मा अर्थ शब्दांत नसून विरामात असे, आणि तो प्रेक्षक हसून पूर्ण करीत.

दुकानाचे काम, यंत्रापुरते बोलायचे तर, उत्कृष्ट आहे. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत माळ्यावर पडून राहिल्याने कॅसेटमधील स्पंजची पट्टी सुटली होती आणि टेप एके ठिकाणी दुमडली होती. दुकानदारांनी टेप नव्या खोक्यात बसवली, आवाज दबका येत होता म्हणून टेपवरील आवाज वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवला आणि पाच दिवसांत पेनड्राइव्ह हाती दिला. त्यांनी घेतलेले सहाशे रुपये मला या मेहनतीच्या मानाने कमीच वाटले.

तक्रार आहे ती ‘साफसफाई’बद्दल. पहिल्या प्रतीतून त्यांनी खरखर काढली आणि तिच्याबरोबर सभागृहही काढून टाकले. प्येत्शाक यांचा आवाज स्वच्छ होता, परंतु प्रत्येक वाक्यानंतर कोरी शांतता होती. काकांनी दोन मिनिटे ऐकून विचारले, “लोक कुठे गेले रे?”

मी परत गेलो. दुकानदारांनी वाद न घालता, जादा पैसे न घेता, कोणतीही प्रक्रिया न केलेली दुसरी प्रत काढून दिली. ही प्रत ऐकताना खोकणे, खुर्च्यांची करकर आणि दाबून धरलेले, मग एकदम फुटणारे हसू ऐकू येते. शेवटी ‘पोलंड हा पोलंड व्हावा’ अशा अर्थाचे, व्वोजिम्येश कोर्च यांनी संगीत दिलेले गाणे आहे. जून १९७६ मध्ये अन्नधान्याच्या दरवाढीविरुद्ध रादोम आणि उर्सुस येथील कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर दडपशाही झाली, त्या काळातले हे गाणे. त्यात विनोद नाही. इतका वेळ हसणारे सभागृह येथे गप्प होते आणि ध्रुवपदाला प्येत्शाक यांच्या आवाजात मिसळते. पुढे सॉलिडॅरिटी या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या कामगार चळवळीच्या लोकांनी हे गाणे आपले मानले, ते का, हे मला या मिसळलेल्या आवाजावरून जितके कळले तितके वाचून कळले नव्हते.

काका भारतात परतल्यानंतर १३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि तीनच दिवसांनी कातोवित्सेतील वुयेक खाणीत गोळीबारात नऊ खाणकामगार मारले गेले. कॅसेट देणारा सहकारी पुढे कसा राहिला, हे काकांना कधीच कळले नाही. दुसरी प्रत त्यांनी सलग तीनदा ऐकली, आणि एका ठिकाणी हसणाऱ्यांमध्ये त्याचाच आवाज आहे असे ते आजही सांगतात.

घरात अशी कॅसेट असणाऱ्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. फक्त देतानाच ‘आधी मूळ प्रत, खरखरीसकट’ असे दुकानदारांना वहीत लिहून घ्यायला सांगावे.