नव्या जोडीदाराच्या पगाराला चौकटच नाही: ब्रिटनचा पोटगी कॅल्क्युलेटर

घटस्फोटानंतर मुलांच्या खर्चापोटी किती द्यावे लागेल, याचा अंदाज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा कॅल्क्युलेटर फुकट देतो. पाचपैकी चार गुण.

दुसरं लग्न झालं की दोन्ही बाजूंना एकच धास्ती: नव्या नवऱ्याचा किंवा बायकोचा पगार धरतील का? नाही. इथे त्याची चौकटच नाही, कारण नियमातच तो धरत नाहीत. मूल जिच्याजवळ राहतं त्या आईने गडगंज माणसाशी लग्न केलं, तरी वडिलांची रक्कम एका पेनीने कमी होत नाही.

आकडा हलतो तो घरातल्या मुलांमुळे. समजा, वडिलांचा आठवड्याचा पगार ६०० पौंड. एका मुलाचे १२ टक्के म्हणजे ७२ पौंड. आता नव्या बायकोची आधीची दोन मुलं त्यांच्या घरात राहायला आली. दोन मुलांसाठी उत्पन्नातून १४ टक्के वजा होतात, उरतात ५१६. त्याचे १२ टक्के ६१.९२. सावत्र मुलं आहेत म्हणून गाळायची नाहीत. इथेच बरेच जण चुकतात. मूल वर्षात ५२ ते १०३ रात्री वडिलांकडे झोपत असेल, तर आणखी एक सप्तमांश कमी: साधारण ५३.०७.

पगार टाकताना जपा. कर कापण्याआधीचाच हवा, फक्त पेन्शनची वर्गणी वजा करून. हातात पडणारा टाकला, तर रक्कम उगाच कमी दिसते. प्रत्यक्ष ठरवताना मात्र चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस (ही रक्कम ठरवणारी आणि वसूल करून देणारी सरकारी यंत्रणा) कर खात्याकडचा मागच्या वर्षाचा आकडा घेते. चालू उत्पन्न त्याहून २५ टक्के तरी वरखाली असेल तरच बदलते.

एक गुण कापला तो अशासाठी. वडिलांनी स्वतःच्या कंपनीतला पैसा नव्या बायकोच्या नावे वळवला, तर कॅल्क्युलेटरला ते कळणारच नाही. त्यासाठी सर्व्हिसकडे रक्कम बदलून घेण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो जरूर करावा. पैसा मुलाच्या हक्काचा आहे.

आपल्या लोकांसाठी एक: वडील नोकरी सोडून पुण्याला परतले आणि तिथल्याच कंपनीत लागले, तर कॅल्क्युलेटर आकडा दाखवेल, पण सर्व्हिस तो वसूल करून देऊ शकत नाही. तेव्हा थेट कोर्टाचा रस्ता धरावा.