वेल्हे ते तोरणा: दम काढणारी, पण मनापासून आवडलेली वाट

कानंदी नदीच्या खोऱ्यातलं वेल्हे सोडलं की चढ लगेच सुरू. सोंडेवर झाडाची सावली जवळजवळ नाहीच, म्हणून पहाटेच निघा. बिनी दरवाजाआधीचा कातळटप्पा सगळ्यात कठीण. तिथे लोखंडी कठड्यांचा खरा आधार मिळतो. माझी आई साठीची आहे, ती ते धरूनच चढली. पावसाळ्यात मात्र हाच दगड फार निसरडा होतो, लहान मुलांना नेऊ नका.

वर मेंगाई देवीच्या देवळापाशी बसून भाकरी खाल्ली. पण खरा तोरणा आहे झुंजार माचीवर! माची अरुंद, दोन्ही बाजूंना खोल दरी आणि समोर राजगड. तोरण्यावर सापडलेलं धन राजगड बांधायला वापरलं असं सांगतात; इथे उभं राहिलं की त्या दोन गडांचं नातं डोळ्यांना दिसतं. १४०३ मीटरचा हा पुणे जिल्ह्यातला सर्वात उंच किल्ला. घाईत उरकू नका, बुधला माचीसाठी वेगळा वेळ ठेवा.

तटाजवळ चिप्सची पाकिटं पाहून जीव तुटला. कचऱ्यासाठी पिशवी न्याच, आणि माणशी तीन लिटर पाणी.